मनसुबा एक, वाटही एकच: बुद्धिबळाच्या शेवटाची कोडी कशी रचतात आणि कशी सोडवतात

२०२५च्या नोव्हेंबरात गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक रंगला. २०६ खेळाडू आले होते, स्पर्धा बाद पद्धतीची होती, आणि शेवटी उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव्ह चषक घेऊन गेला. त्या चषकाला आपल्या विश्वनाथन आनंदचं नाव दिलेलं होतं. तेव्हापासून आमच्या भागात माळ्यावरचे जुने पट जे खाली उतरले, ते अजून परत वर गेलेले नाहीत. अनुराग म्हामल, लिऑन मेंडोंसा आणि भक्ती कुलकर्णी या गोव्याच्या बुद्धिबळपटूंची नावं मुलांना आता फुटबॉलपटूंइतकीच पाठ आहेत.

मुलं क्लासला जायला लागली की घरी कागद येतात. कागदावर पटाचं चित्र, चित्रात मोजून चार-पाच मोहरे आणि खाली एक ओळ: ‘पांढऱ्याची चाल, बरोबरी’ किंवा ‘पांढऱ्याची चाल, विजय’. असा एक कागद हातात धरून एका वडिलांनी मला विचारलं होतं, ‘‘मुलगा हरणारे डाव बरोबरीत सोडवायला शिकतोय. मग जिंकायला कधी शिकणार?’’ प्रश्न मनापासून विचारलेला होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

शब्द आपलाच आहे

अशा कोड्याला जगभर ‘एंडगेम स्टडी’ म्हणतात. मी इथे नुसतं ‘रचना’ म्हणेन. बहुतेक मोहरे मारले गेल्यावर डावाचा जो शेवटचा टप्पा उरतो, तसा प्रसंग कुणीतरी विचार करून पटावर मांडलेला असतो. पांढऱ्याने जिंकायचं किंवा बरोबरी साधायची, एवढंच सांगितलेलं असतं. किती चालींत ते सांगत नाहीत. ‘दोन चालींत मात’ हा प्रकार वेगळा.

आपण सहज म्हणतो, ‘काय मनसुबा आहे तुझा?’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. त्या भाषांत ‘मन्सूबा’ म्हणजे बेत, आणि बुद्धिबळाच्या पटावर मांडून ठेवलेली कोड्याची स्थितीही. नवव्या-दहाव्या शतकांत खलिफांच्या दरबारातले अल्-अद्ली आणि अस्-सूली यांच्यासारखे खेळाडू असे मनसुबे रचून लिहून ठेवत. अस्-सूलीचा एक मनसुबा तर हजारेक वर्षं कुणाला सुटला नाही. तो विसाव्या शतकात सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी आवेरबाखने सोडवला.

पुढच्या उदाहरणांसाठी घरांची नावं सांगून ठेवतो. पांढऱ्याच्या बाजूने बसलात की उभ्या रांगा डावीकडून उजवीकडे ए ते एच, आणि आडव्या रांगा खालून वर १ ते ८. घरी पट असेल तर मांडूनच वाचा. नुसतं वाचून यातली मजा हाताला लागत नाही.

चार मोहरे आणि एक अशक्य गोष्ट

पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. पांढऱ्याची चाल, बरोबरी.

ही रचना चेकोस्लोव्हाकियाचा खेळाडू रिचर्ड रेती याची, १९२१ सालची. डिचोलीला बहिणीकडे गेलो असताना मी ती बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, मांडली. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती. अकरा वर्षांच्या भाचीने पट पाहिला, बोटाने घरं मोजली आणि मान हलवली. ‘‘मामा, काळं प्यादं पळतंय. आपला राजा त्याला गाठू शकत नाही. आणि आपलं प्यादं पुढे ढकललं तर त्यांचा राजा ते खाणार. हरलो आपण.’’

तिची मोजणी अचूक होती. काळ्या प्याद्याला पटाच्या टोकाला पोचून वजीर व्हायला चार चाली लागतात. त्याला पकडायचं तर पांढरा राजा दोन चाली मागे आहे. स्वतःच्या प्याद्याच्या मदतीला जावं, तर काळा राजा त्याच्या शेजारीच बसलाय. दोन्ही कामं वेगवेगळी केली, तर दोन्ही बुडतात.

उत्तर असं: राजा जी७. काळं प्यादं एच४ वर येतं. राजा एफ६. आता हा राजा तिरका उतरतोय हे लक्षात घ्या. सरळ खाली गेला असता तर फक्त काळ्या प्याद्यामागे धावला असता. तिरका गेल्याने तो काळ्या प्याद्याच्याही जवळ येतोय आणि आपल्या प्याद्याच्याही. कागदावर तिरकी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब असते. पटावर राजाला दोन्ही सारख्याच, एक घर म्हणजे एक चाल. रेतीने नेमकं हे हेरलं.

आता काळ्यापुढे दोनच रस्ते. त्याने प्यादं एच३ ला नेलं, तर राजा ई७ वर, प्यादं एच२, मग आपलं प्यादं सी७, काळा राजा बी७, आपला राजा डी७. दोघांचेही वजीर होतात आणि डाव बरोबरीत. त्याने आधी पांढऱ्या प्याद्याची व्यवस्था लावायची म्हणून राजा बी६ वर आणला, तर आपला राजा ई५ वर. या एका घरातून दोन धमक्या आहेत. काळ्याने सी६चं प्यादं खाल्लं, तर राजा एफ४ वर जातो आणि पळणाऱ्या प्याद्याला शेवटी गाठतोच. त्याने प्यादं पळवलं, तर राजा डी६ वर येऊन आपल्या प्याद्याला हात देतो.

फुटबॉल पाहणाऱ्या कुठल्याही गोंयकाराला हे ओळखीचं वाटेल. दोन हल्लेखोर आणि बचावाला एकटा खेळाडू असेल, तर तो चेंडूवाल्याच्या अंगावर धावत नाही आणि दुसऱ्यालाही चिकटत नाही. तो दोघांच्या मधल्या रेषेत मागे सरकत राहतो आणि निर्णय समोरच्याला घ्यायला लावतो. समोरचा ठरवतो, त्या क्षणी हा पोचलेला असतो.

भाचीने तो राजा पाच-सहा वेळा एच८ वरून ई५ पर्यंत नेला आणि परत आणला. मग म्हणाली, ‘‘तो पळत नाही, तो थांबवतो.’’ यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

उत्तर एकच का असावं लागतं?

आता खरा नियम. चांगल्या रचनेत पांढऱ्याला उद्दिष्ट गाठायची एकच वाट असते. दुसरी वाट सापडली, तर रचना मोडली. अशा दुसऱ्या उत्तराला ‘कूक’ म्हणतात. उत्तराच्या मुख्य वाटेपासून दूरच्या फाट्यावर लहानसहान पर्याय चालवून घेतात. वरच्या रचनेत प्यादं एच३ वर आल्यावर राजा ई७ ऐवजी ई६ वर गेला तरी भागतं. पण गाभ्यातल्या चालीला पर्याय चालत नाही.

हा नियम कडक वाटतो. तो का हवा ते रेतीच्याच पटावर तपासू. काळं प्यादं एच५ ऐवजी एच४ वर ठेवा. पांढरा हरतो, एक चाल कमी पडते. आता ते एच६ वर ठेवा. बरोबरी होते, पण राजा जी७ वर नेला तरी होते आणि एच७ वर नेला तरी होते. एच७ वर गेल्यावर प्यादं एच५, राजा जी६, प्यादं एच४, राजा एफ५, आणि तीच दुहेरी धमकी तयार. म्हणजे एका घरात अशक्य, एका घरात ढिसाळ, आणि एकाच घरात नेमकं. रेतीने प्यादं एच५ वर ठेवलं तेव्हा त्याने ही सगळी शेजारची घरं तपासली असणार. सोडवणाऱ्याला उत्तर दिसल्यावर ‘हेच!’ असं जे वाटतं, ते या तपासणीमुळे वाटतं.

दुसरी अट काटकसरीची. आमच्याकडे गावच्या जत्रेला नाटक बसतं तेव्हा वाड्यावरच्या प्रत्येकाला काहीतरी काम द्यावं लागतं. कुणी नुसता भालदार होऊन उभा राहतो, आणि ते योग्यच आहे, नाटक सगळ्या गावाचं असतं. रचनेत मात्र भालदार चालत नाही. पटावरचा प्रत्येक मोहरा कशाला ठेवलाय याचं उत्तर द्यावं लागतं. तो काढून टाकला तरी रचना टिकत असेल, तर तो काढावा.

पाद्रीबाबांनी वजीर नाकारला

एकच वाट किती अवघड जागी लपू शकते, याचा नमुना १८९५ सालचा आहे. ग्लासगोच्या एका साप्ताहिकात जॉर्जेस बार्बिए बुद्धिबळाचं सदर लिहीत. वीस वर्षांपूर्वी झालेल्या एका डावाची आठवण काढून त्यांनी एक स्थिती छापली आणि काळा बरोबरी साधतो असं दाखवलं. त्या शहरात राहणारे फर्नांडो साव्हेद्रा नावाचे स्पॅनिश पाद्री होते. त्यांनी कळवलं की नाही, पांढरा जिंकतो.

आज ती अशी मांडतात: पांढरा राजा बी६, प्यादं सी६. काळा राजा ए१, हत्ती डी५. पांढरा प्यादं सी७ ला नेतो. आता वजीर होणार हे उघड आहे, म्हणून काळा शह देत सुटतो: हत्ती डी६, राजा बी५, हत्ती डी५, राजा बी४, हत्ती डी४, राजा बी३, हत्ती डी३, राजा सी२. शह संपले. काळा शेवटचा डाव टाकतो: हत्ती डी४.

इथे प्याद्याचा वजीर करावा असं कुणालाही वाटेल. पण वजीर झाला की काळा हत्ती सी४ वर येऊन शह देतो. वजिराने तो खाल्ला की काळ्या राजाला शह नाही, पण हलायला एकही घर नाही. या अवस्थेला स्टेलमेट म्हणतात आणि डाव तिथे बरोबरीत सुटतो. बार्बिए यांचं उत्तर हेच होतं.

साव्हेद्रांनी प्याद्याचा वजीर केला नाही, हत्ती केला. हत्ती तिरका चालत नाही, त्यामुळे ए१ वरच्या राजाचा श्वास कोंडत नाही आणि स्टेलमेट उरत नाही. आता ए८ वर जाऊन मात करण्याची धमकी आहे. काळ्याला हत्ती ए४ वर आणावाच लागतो. मग राजा बी३: एका बाजूला हत्ती मारणार, दुसऱ्या बाजूला सी१ वर मात देणार. काळ्याच्या हातात काही राहत नाही.

साव्हेद्रांचं नाव आज बुद्धिबळात या एका चालीपुरतं टिकून आहे, आणि सव्वाशे वर्षांनंतरही ती चाल जगभरच्या वर्गांत शिकवली जाते. मोठी संधी दिसली की ती घ्यायची सवय आपल्याला असते. इथे कमी घेणाऱ्याला जास्त मिळालं. मी हे दाखवतो तेव्हा वर्गात दर वेळी एखादं मूल ‘आँ?’ करून पुढे झुकतं. त्या क्षणासाठीच मी शिकवतो.

रचायचं तर सुरुवात शेवटापासून

लोकांना वाटतं, रचनाकार मोहरे कसेही मांडतो आणि काय होतं ते बघतो. बहुतेक वेळा उलटं असतं. आधी शेवटचं चित्र मनात येतं: कोपऱ्यात कोंडलेला राजा, हत्तीने दिलेला अनपेक्षित शह, वजीर नाकारणारं प्यादं. मग तिथून एकेक चाल मागे जायचं. ‘याच्या आधी काळ्याने काय खेळलं असेल? त्याला ते का खेळावं लागलं?’ रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके मांडते, तसं हे मागे मागे ठिपके मांडत जाणं आहे.

यातलं सगळ्यात अवघड काम समोरच्याचं आहे. पांढऱ्याची सुंदर चाल सुचणं सोपं. काळ्याने तिच्यावर काढलेला सगळ्यात चिवट उपाय शोधणं आणि तोही पुरा पडत नाही हे दाखवणं, हे खरं रचणं. काळा मूर्खपणा करतो म्हणून पांढरा जिंकत असेल, तर ती रचनाच नव्हे. म्हणून मी मुलांना सांगतो, रचताना आणि सोडवताना निम्मा वेळ पट फिरवून काळ्याच्या खुर्चीत बसा. साव्हेद्रांच्या पटावरही काळा शेवटपर्यंत शहाण्यासारखाच खेळतो. हत्ती डी४ ही चाल सापळ्याची आहे, आणि ती इतकी चांगली आहे म्हणूनच पांढऱ्याच्या हत्तीला तेज आहे.

‘कॉम्प्युटरने सगळं सोडवलंय, मग हे कशाला?’

हा प्रश्न वर्गातली मोठी मुलं विचारतात. अर्धी गोष्ट खरी आहे. दोन्ही राजे धरून पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरे असतील, तर अशा प्रत्येक स्थितीचा निकाल यंत्राने काढून ठेवलाय. त्या साठ्याला टेबलबेस म्हणतात. २०१२ मध्ये मॉस्कोत सात मोहऱ्यांपर्यंतचं काम पुरं झालं. त्यात सापडलेली सगळ्यात लांब मात ५४९ चालींची आहे. ती वाचून कुणालाही काही शिकता येत नाही, कारण त्या चालींमध्ये माणसाला समजेल असा धागा नाही. खऱ्या स्पर्धेत ५० चाली कुणी प्यादं हलवलं नाही आणि काही मारलं नाही, तर बरोबरी मागता येते. रचनांना मात्र, वेगळं सांगितलं नसेल तर, तो नियम लावत नाहीत.

टेबलबेस म्हणजे अख्ख्या बार्देश तालुक्याचा नकाशा, एकूण एक घरासकट. पण कुठल्या वळणावर अचानक समुद्र दिसतो, हे नकाशा सांगत नाही. ते वळण शोधून दुसऱ्याला तिथे नेऊन उभं करणं हे माणसाचं काम. यंत्राने रचनाकाराला दुसरी मदत केली: कूक आहे की नाही हे आता काही क्षणांत कळतं. पूर्वी छापून आल्यावर परगावच्या वाचकाचं पत्र यायचं आणि वर्षभराची मेहनत मातीत जायची. हारोल्ड व्हान डेर हायडेन या डच गृहस्थाने जमवलेल्या संग्रहात ९०,००० हून अधिक रचना आहेत. त्यातल्या अनेकांतली भोकं यंत्राने दाखवून दिलीत.

पण यंत्रापुढे जे टिकलं ते पाहून मला जास्त भरून येतं. अलेक्सेई त्रोइत्स्की हा रशियन रचनाकार पेशाने जंगल खात्यातला. नुसत्या दोन घोड्यांनी एकट्या राजावर जबरदस्तीने मात करता येत नाही, कारण शेवटच्या क्षणी त्या राजाला हलायला जागा उरत नाही आणि स्टेलमेट होतं. पण त्या राजाकडे एखादं प्यादं असेल तर? मग त्याच्याकडे खेळायला चाल आहे, स्टेलमेट नाही, आणि मात शक्य होते. म्हणजे समोरच्याकडे जास्त माल असणंच त्याला भोवतं. प्यादं कुठवर आलेलं असलं तर मात होते, याची सीमारेषा त्रोइत्स्कीने हाताने, पटावर, वर्षानुवर्षं बसून काढली. टेबलबेस आल्यावर ती तपासली, तर ती थक्क करण्याइतकी बरोबर निघाली. तो स्वतः १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात गेला. त्याच वेढ्यात, त्याच वर्षी लिओनिद कुब्बेल हा दुसरा थोर रचनाकारही गेला. त्यांच्या रचना मात्र आजही नव्याने कुणाच्या तरी पटावर मांडल्या जातात.

‘स्पर्धेत गुण मिळतात का याचे?’

आता त्या वडिलांचा प्रश्न. रचना सोडवून उद्याच रेटिंग वाढेल असं मी सांगणार नाही. एवढं खरं की रचनांना ‘नुसता खेळ’ म्हणून टाकून द्यावं, असं मोठ्या खेळाडूंना कधी वाटलं नाही. रेतीनेच १९२४ मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं होतं. माजी जगज्जेता स्मिस्लोव्ह आयुष्यभर रचना करत राहिला. इंग्लंडचा ग्रँडमास्टर जॉन नन कोडी सोडवण्याच्या वैयक्तिक जागतिक स्पर्धेत २००४, २००७ आणि २०१० असा तीनदा पहिला आला.

हरणारा डाव बरोबरीत सोडवायला मुलं शिकतात, कारण रेतीच्या पटावर हार खरी नव्हतीच. ती फक्त तशी दिसत होती. डाव गेला असं वाटलं की हात आपोआप राजीनाम्याकडे जातो. रचना सोडवलेलं मूल तिथे थांबतं आणि आणखी एकदा मोजतं. बरोबरीचा अर्धा गुण वाचतो तो त्या थांबण्यामुळे. जिंकायला शिकण्याचंही हेच आहे: साव्हेद्रांच्या पटावर घाईने वजीर करणारा जिंकता जिंकता बरोबरीत अडकतो.

सोडवायला बसाल तेव्हा मोहरे हलवू नका, आधी नुसतं बघा. समोरच्याला काय हवंय ते आधी ठरवा. सरळ दिसणारी चाल का चालत नाही ते शोधा, कारण खरी चाल बहुधा तिच्या शेजारीच असते. वीस मिनिटांत सुटलं नाही तर पट तसाच ठेवून जेवायला जा. उत्तर लगेच मोबाईलवर बघितलं, तर ते उत्तर तुमचं कधीच होत नाही.

भाचीची पहिली रचना

त्या पावसानंतर पंधरा दिवसांनी भाचीने मला वहीत एक चित्र काढून दाखवलं. पांढरा राजा ई४, प्यादं ई२, काळा राजा ई६. पांढऱ्याची चाल, विजय. तिचं उत्तर होतं, प्यादं ई३. दोन्ही राजे समोरासमोर आहेत आणि चाल काळ्यावर येते, त्याला बाजूला व्हावं लागतं. उत्तर बरोबर होतं. मग आम्ही पट फिरवला आणि तिलाच कूक सापडला: राजा आधी डी४ वर नेला तरी पांढरा जिंकतो, कारण प्याद्याची ती राखीव चाल नंतरही वापरता येते. तिचा चेहरा पडला. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच रबर घेतलं, प्यादं एक घर पुढे सरकवलं, म्हणजे राखीव चालच संपली, आणि राजा बाजूला नेला.

स्थिती पुस्तकांत असते तशी साधी आहे, पण ती तिथवर स्वतः पोचली. वहीत आता असं आहे: पांढरा राजा डी३, प्यादं ई३. काळा राजा ई६. पांढऱ्याची चाल, विजय. पहिली चाल एकच आहे. डी४ का चालत नाही, ते काळ्याच्या खुर्चीत बसून शोधा.